लॉटरी एकीला लागली, डोकं कोणाचं तपासायचं? : तीन सिनेमे आणि 'शहाणपणा'च्या व्याख्येचा इतिहास



"पैसा डोक्यात गेलाय त्याच्या." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. गावात कोणाची जमीन हायवेत गेली, मोबदला आला, दारात गाडी उभी राहिली की चार दिवसांत हे वाक्य पारावर येतंच. वाक्य साधं आहे, पण नीट बघितलं तर त्यात एक अख्खं गृहीतक दडलेलं आहे. अचानक आलेला पैसा हे कारण, आणि मन बिघडणं हा परिणाम. पेट परीक्षेची तयारी करताना आपण स्वतंत्र चल, परतंत्र चल असं जे पाठ करतो ना, तेच हे.

आजचा लेख इतिहासाचा आहे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे इतिहासाकडे बघताना माझी सवय प्रयोगशाळेतलीच राहते: काय बदललं, काय स्थिर ठेवलं, आणि मोजलं कोणी? हे तीन प्रश्न घेऊन आपण एका सिनेमाकडे जाऊ आणि तिथून मागे जाऊ. (तिन्ही सिनेमांचे शेवट लेखात येणार आहेत. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथेच थांबावं.)

सिनेमा काय आहे?

'वेलकम टू मी' हा अमेरिकन सिनेमा २०१४ मध्ये टोरोंटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शिका शिरा पिव्हन, पटकथा एलियट लॉरेन्स, आणि मुख्य भूमिकेत क्रिस्टन विग. नायिकेचं नाव ॲलिस क्लीग. तिला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे निदान झालेलं आहे. ती एकटी राहते, घरातला टीव्ही कायम चालू असतो, आणि ओप्रा विन्फ्रीचे जुने भाग ती टेपवर पुन्हा पुन्हा बघते. मग तिला लॉटरी लागते. रक्कम आठ कोटी साठ लाख डॉलर.

ती काय करते? औषधं बंद करते, कॅसिनोच्या हॉटेलात राहायला जाते आणि एका डबघाईला आलेल्या टीव्ही स्टुडिओला दीड कोटी डॉलर देऊन शंभर भागांचा स्वतःचा कार्यक्रम विकत घेते. कार्यक्रमाचा विषय एकच : ॲलिस. ती हंसाच्या आकाराच्या बोटीत बसून मंचावर येते. मीटलोफचा केक करून खाते. शाळेपासून कोणी कोणी आपल्याला दुखावलं त्याचे प्रसंग नट-नट्या लावून पुन्हा घडवते आणि बाजूला बसून रडते, ओरडते. आपण हसतो, आणि हसता हसता मध्येच घशात काहीतरी अडकतं. याला म्हणतात ब्लॅक कॉमेडी.

आता गंमत बघा. स्टुडिओचा मालक कर्जात आहे, म्हणून तो तिला नाही म्हणत नाही. प्रेक्षक हसतात, म्हणून कार्यक्रम चालतो. तिचा डॉक्टर आणि तिची जिवलग मैत्रीण सोडले तर तिला थांबवण्यात कोणाचाच फायदा नाही. सिनेमा सरळ म्हणत नाही, पण प्रश्न मात्र हवेत लटकत राहतो : इथे नक्की आजारी कोण?

हा प्रश्न नवा नाही. अचानक श्रीमंत झालेला माणूस शहाणा की वेडा, हे ठरवण्याची गोष्ट सिनेमाने याआधीही सांगितलेली आहे. त्यातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मनोविकारांच्या इतिहासातले तीन टप्पे आपोआप दिसायला लागतात.

१९३६ : कोर्टातला आलेख

पहिला सिनेमा फ्रँक काप्राचा 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन'. हा काळा नाही, चांगला उजळ विनोदी सिनेमा आहे, पण आपल्या विषयाचं मूळ इथे सापडतं. व्हरमाँट राज्यातल्या छोट्या गावात राहणारा, वाढदिवसाच्या कार्डांवरच्या कविता लिहिणारा आणि ट्युबा वाजवणारा लाँगफेलो डीड्स (गॅरी कूपर). त्याच्या मामाचा मृत्यू होतो आणि दोन कोटी डॉलर त्याच्या नावावर येतात. न्यूयॉर्कमध्ये वकील, वार्ताहर, नातेवाईक सगळे भोवती गोळा होतात.

काळ आठवा. अमेरिकेत महामंदी चालू होती, शेतकरी जमिनीवरून उठवले जात होते. डीड्स ठरवतो की हा पैसा बेघर शेतकऱ्यांना जमीन, गाय, घोडा, बियाणं द्यायला वापरायचा. आणि नेमक्या याच क्षणी त्याच्यावर वेडेपणाचा खटला उभा राहतो! पैसा उधळला असता, दारूत घालवला असता तर कोणी कोर्टात गेलं नसतं. वाटायला काढला, म्हणून हा मनाने ठीक नाही.

कोर्टात एक ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ येतो. तो मोठा आलेख लावतो, वर-खाली जाणारी रेषा दाखवतो आणि सांगतो की हा 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' आहे. डीड्स कोर्टात गप्प बसलाय, तेही आजाराचंच लक्षण. म्हणजे बोलला तर उन्माद, गप्प बसला तर नैराश्य. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे कान टवकारायला हवेत. जो सिद्धांत कुठल्याही निरीक्षणाने खोटा ठरूच शकत नाही, त्याबद्दल कार्ल पॉपर काय म्हणाले ते आपण संशोधन पद्धतीच्या पहिल्याच प्रकरणात शिकतो.

हा आलेख पटकथाकाराच्या कल्पनेतून उगवलेला नाही. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' हा आजार वेगळा मांडला. लक्षणं एका दिवसात न बघता रुग्णाच्या आयुष्यभराच्या प्रवासात बघायची, हा त्यांचा मोठा विचार होता. पण १९३६ मध्ये या निदानाला जोडलेला खात्रीचा उपचार नव्हता. लिथियमचा उपयोग जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९७० मध्ये. म्हणजे कोर्टात जो आलेख लावला जातो तो बरं करण्यासाठी नाही, ताबा मिळवण्यासाठी आहे. निदान झालं की पैशाची चावी दुसऱ्याच्या हातात.

डीड्स शेवटी बोलतो, आणि काय बोलतो? तो कोर्टातल्या एकेकाकडे बोट दाखवतो. न्यायाधीश कागदावरच्या 'ओ' अक्षरांची पोटं भरत बसलेत. आलेख लावणारे डॉक्टर स्वतः कागदावर गिरगटत बसलेत. प्रत्येकाला विचार करताना हाताला काहीतरी चाळा लागतो, माझा चाळा ट्युबा वाजवण्याचा. न्यायाधीश त्याला शहाणा ठरवतात. सांख्यिकीच्या भाषेत सांगायचं तर डीड्सने नियंत्रण गट मागितला. "माझं वागणं विचित्र आहे हे खरं, पण तुमचं मोजलंत का?"

१९७२ : शाळेचं गाणं

दुसरा सिनेमा ब्रिटिश. 'द रूलिंग क्लास', दिग्दर्शक पीटर मेडॅक, मूळ नाटक पीटर बार्न्स यांचं, १९६८ सालचं. हा मात्र अस्सल काळा विनोद आहे. गर्नी घराण्याचा तेरावा अर्ल स्वतःच्याच चमत्कारिक खेळात गळफास लागून मरतो आणि इस्टेट, पदवी, लॉर्ड्स सभागृहातली जागा सगळं जातं मुलाकडे, जॅककडे. जॅक (पीटर ओ'टूल, या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं) मनोरुग्णालयातून घरी येतो. त्याची खात्री आहे की तो स्वतः देव आहे, प्रेमाचा देव. हॉलमध्ये क्रूस उभा करून तो त्यावर झोपतो.

नातेवाइकांचा बेत सरळ आहे. लग्न लावून द्यायचं, वारस जन्माला घालायचा, मग याला परत आत पाठवायचं. इथेही वेडेपणाची तपासणी होते. तपासायला आलेला कायदेपंडित आणि जॅक एकाच शाळेचे, ईटनचे, निघतात. दोघे मिळून शाळेचं नौकानयनाचं गाणं म्हणतात आणि प्रश्न मिटतो. आपल्यातलाच आहे, म्हणजे शहाणाच असणार! १९३६ च्या सिनेमात न्यायाधीशाने माणूस बघितला. १९७२ मध्ये तपासणाऱ्याने फक्त वर्ग बघितला.

या तपासणीआधी डॉक्टर एक प्रयोग करतात. जॅकसमोर दुसऱ्या एका रुग्णाला आणून उभं करतात, तोही स्वतःला देवच समजतो. दोन देव एका खोलीत राहू शकत नाहीत, त्यामुळे एकाचा भ्रम तुटेल अशी कल्पना. जॅक 'बरा' होतो. प्रेमाची भाषा बंद, शिक्षेची आणि फाशीची भाषा सुरू. खरं तर आता तो मनातून जॅक द रिपर झालेला असतो, खून करतो, पण लॉर्ड्स सभागृहात त्याच्या भाषणाचा जयजयकार होतो. प्रेमाबद्दल बोलत होता तेव्हा वेडा, क्रूरतेबद्दल बोलायला लागला तेव्हा बरा. बार्न्सचा चाबूक असा आहे.

हा सिनेमा कुठल्या हवेत तयार झाला ते माहीत असणं गरजेचं आहे. क्लोरप्रोमझीन १९५२ पासून वापरात आलं होतं, मोठी मनोरुग्णालयं रिकामी करण्याची चर्चा चालू होती, आणि ब्रिटनमध्ये आर. डी. लेंग यांच्या १९६० च्या 'द डिव्हायडेड सेल्फ' या पुस्तकापासून प्रचलित मानसोपचारावरच उलटे प्रश्न विचारले जात होते. सिनेमाच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, डेव्हिड रोझनहान यांचा 'सायन्स'मधला प्रसिद्ध लेख आला. त्यात धडधाकट माणसं आवाज ऐकू येतात असं सांगून रुग्णालयात भरती झाली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ती ओळखता आली नाहीत, असा दावा होता. (हा लेख आजही पाठ्यपुस्तकांत असतो. पण सुझाना कॅहलन यांनी २०१९ च्या पुस्तकात रोझनहान यांची कागदपत्रं तपासून त्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. तो उद्धृत करायचा असेल तर दोन्ही वाचूनच करा.)

दोन देवांच्या प्रयोगाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

२०१४ : माणूस तोच, नावं तीन

आता परत ॲलिसकडे. सिनेमात ती स्वतःच सांगते की तिच्या आजाराचं नाव वर्षांगणिक बदलत गेलं. आधी मॅनिक-डिप्रेशन, मग रॅपिड सायकलिंग बायपोलर, आणि आता बॉर्डरलाइन. बघणाऱ्याला हा विनोद वाटतो. इतिहास वाचणाऱ्याला हे एका शतकाचं सार आहे.

'बॉर्डरलाइन' म्हणजे सीमेवरचा. पण कुठल्या सीमेवरचा? न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये हा शब्द वापरला तेव्हा सीमा होती न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्यामधली. ठरलेल्या मनोविश्लेषणाने बरे न होणारे, पण वास्तवाशी संबंध पूर्ण न तुटलेले, असे जे रुग्ण कुठल्याच खणात बसत नव्हते त्यांचा हा गट. १९५३ मध्ये रॉबर्ट नाइट यांनी 'बॉर्डरलाइन अवस्था' मांडल्या. १९६७ मध्ये ऑटो कर्नबर्ग यांनी तिला व्यक्तिमत्त्वाची विशिष्ट घडण म्हटलं. १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी विखुरलेली वर्णनं गोळा करून लक्षणांची यादी केली. आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-३ या निदान पुस्तिकेत ती अधिकृत नोंद झाली. त्याच पुस्तिकेत 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' जाऊन 'बायपोलर' आलं. म्हणजे ॲलिसची पहिली पाटी काढली गेली आणि तिसरी पाटी तयार झाली, दोन्ही एकाच पुस्तकात.

यातून संशोधक म्हणून काय घ्यायचं? आजार खोटा आहे असं अजिबात नाही. तीव्र भावना, सोडून जातील याची भीती, स्वतःला इजा, तुटणारी नाती, हा त्रास खराच आहे. पण त्रासाभोवती आखलेली रेषा माणसांनी आखलेली असते आणि ती सरकते. १९६० च्या आणि २०१० च्या रुग्णांची तुलना करणारा पेपर वाचताना पहिला प्रश्न हाच हवा : दोन्हीकडे निदानाचा निकष एकच होता का?

या निदानाची एक वाईट बाजूही आहे. 'बॉर्डरलाइन' म्हटलं की हा रुग्ण अवघड, सुधारणार नाही, असा शिक्का बराच काळ बसत राहिला. पुरावा मात्र वेगळं सांगतो. मार्शा लिनेहान यांनी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. मेरी झानारिनी यांच्या गटाने बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं सलग निकषाखाली राहिली. पण नोकरी आणि नाती यांसकट पूर्ण सावरलेले साधारण निम्मेच. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. एकच आकडा उचलला की एक तर खोटी आशा, नाही तर खोटी निराशा.

आणि लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः कनेटिकटमधल्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. ज्या थेरपीचा जगभर अभ्यास होतो, ती एका माजी रुग्णाने तयार केलेली आहे.

लॉटरीचा अभ्यास : छापील आणि ऐकीव

आता मूळ गृहीतक. पैसा डोक्यात जातो का?

संशोधकांना लॉटरी फार आवडते, आणि कारण सोपं आहे. श्रीमंत आणि गरीब माणसांची तुलना केली तर पैशासोबत शिक्षण, जात, घर, तब्येत सगळंच बदललेलं असतं. लॉटरीत मात्र पैसा कोणाला मिळणार हे चिठ्ठी ठरवते. आयता प्रयोग! फक्त तुलना तिकीट घेणाऱ्यांमध्येच करायची, तिकीट न घेणाऱ्यांशी नाही.

सगळ्यात गाजलेला अभ्यास १९७८ चा. फिलिप ब्रिकमन, डॅन कोट्स आणि रॉनी जॅनॉफ-बुलमन. इलिनॉय लॉटरीचे २२ विजेते, २२ सामान्य माणसं आणि अपघाताने अपंग झालेली २९ माणसं. तुम्ही हा निष्कर्ष भाषणांत आणि पुस्तकांत असा ऐकला असेल : "लॉटरी जिंकलेले आणि अपंग झालेले, दोघे वर्षभरात सारखेच आनंदी होतात." मूळ पेपर उघडा. शून्य ते पाच या मापावर विजेते ४.००, सामान्य ३.८२, अपघातग्रस्त २.९६. विजेते आणि सामान्य यांच्यात लक्षणीय फरक नाही हे बरोबर, पण अपघातग्रस्त स्पष्टपणे खाली आहेत. 'सारखेच आनंदी' हे पेपरमध्ये नाहीच. शिवाय नमुना इवलासा, आणि जिंकण्याआधी ही माणसं किती आनंदी होती याचं त्याच वेळी केलेलं मोजमाप नाही. या अभ्यासाने मोठा प्रश्न उभा केला हे त्याचं श्रेय. उत्तर दिलं असं समजायचं नाही.

नंतरचे अभ्यास मोठे आहेत. ब्रिटनमधल्या गार्डनर आणि ऑस्वल्ड यांच्या २००७ च्या अभ्यासात १,००० ते १,२०,००० पौंड जिंकलेल्यांचं मानसिक स्वास्थ्य दोन वर्षांनी सुधारलेलं दिसलं. स्वीडनमध्ये चेझारिनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सरकारी नोंदी वापरल्या. तिथे मृत्यूदर किंवा रुग्णालयातल्या भरतीवर फारसा परिणाम नाही, झालाच असेल तर मानसिक आजारांवरच्या औषधांच्या वापरात किंचित घट. लिंडक्विस्ट, ऑस्टलिंग आणि चेझारिनी यांच्या २०२० च्या पेपरमध्ये मोठी रक्कम जिंकलेले लोक दशकभरानंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. रोजचा आनंद आणि मानसिक आरोग्य यांवरचा परिणाम मात्र बराच लहान.

थोडक्यात, पैसा डोक्यात जातो याला पुरावा नाही. पैसा डोकं बरं करतो यालाही फारसा नाही.

आणि "७० टक्के लॉटरी विजेते काही वर्षांत दिवाळखोर होतात" हा आकडा? हा अमेरिकेतल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर फायनान्शियल एज्युकेशन या संस्थेच्या नावावर वर्षानुवर्षं छापला गेला. २०१८ मध्ये त्या संस्थेलाच जाहीर करावं लागलं की हा आकडा आमच्या संशोधनातला नाही. फ्लोरिडातल्या विजेत्यांवर एक खरा अभ्यास आहे, २०११ चा. मोठी रक्कम जिंकल्याने दिवाळखोरी टळत नाही, फक्त काही वर्षं पुढे ढकलली जाते, हा त्याचा निष्कर्ष. तोही उदास करणाराच आहे, पण तो मोजलेला आहे.

आता या चष्म्यातून ॲलिसकडे बघा. तिच्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, पैसा आला आणि औषधं सुटली. पुढे ती कॅसिनोतून विवस्त्र चालत जाते तो प्रसंग कशाचा परिणाम? पैशाचा? औषधं सोडल्याचा? की रोज कॅमेऱ्यासमोर जुन्या जखमा उघडल्याचा? दोन चल एकत्र हलवले की कारण सांगता येत नाही, हे आपण बारावीपासून शिकतोय. सिनेमाला ते वेगळं करायची गरज नाही. आपल्याला आहे. सिनेमा बघून 'पैशाने वेड लागतं' असा निष्कर्ष काढणारा प्रेक्षक आणि ७० टक्क्यांचा आकडा छापणारा पत्रकार, दोघांची चूक एकाच जातीची.

थिसिस लिहिणारा मुलगा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. 'वेलकम टू मी'मध्ये एक छोटं पात्र आहे, रेनर नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी. तो ॲलिसच्या कार्यक्रमावर अभ्यास करतोय. त्याला वाटतं ही नव्या प्रकारची कला आहे. तो तिला भेटतो, मुलाखत घेतो, आणि त्यांचे शरीरसंबंधही येतात. सिनेमा त्याला खलनायक करत नाही. मुलगा गोड आहे, प्रामाणिक आहे. आणि म्हणूनच तो आपल्याला टोचला पाहिजे. स्टुडिओच्या मालकाला तिच्याकडून पैसा हवा होता. याला तिच्याकडून थिसिस हवाय. औषधं सोडलेल्या, कोसळत चाललेल्या माणसाला 'विषय' म्हणून बघण्यात दोघे एकाच रांगेत उभे आहेत.

'द रूलिंग क्लास'मधल्या दोन देवांच्या प्रयोगाला खऱ्या इतिहासात एक जोडीदार आहे. १९५९ ते १९६१ या काळात मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने मिशिगनमधल्या इप्सिलँटी रुग्णालयात स्वतःला येशू ख्रिस्त मानणारे तीन रुग्ण एकत्र ठेवले. तिघांना समोरासमोर बसवलं की भ्रम ढासळतो का, हे बघायचं होतं. पुढे त्यांनी रुग्णांना दुसऱ्याच माणसांच्या नावाने खोटी पत्रंही लिहिली. १९६४ मध्ये पुस्तक आलं, गाजलं. रुग्ण बरे झाले नाहीत. (या साम्यावरून नाटककाराने तिथूनच उचललं असं म्हणू नका. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, प्रभाव सिद्ध करायला वेगळा कागद लागतो.)

वीस वर्षांनंतरच्या आवृत्तीत रोकीच यांनी स्वतः लिहिलं की मला असं करण्याचा अधिकार नव्हता. तिघांचे भ्रम गेले नाहीत, पण शास्त्राच्या नावाखाली आपण देव होऊन त्यांची आयुष्यं हलवू शकतो, हा स्वतःचा भ्रम मात्र गेला, अशा अर्थाचं. आपल्या विद्यापीठात नीतिमत्ता समितीचा अर्ज भरताना 'ही काय कटकट' असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण वाचावं. तो अर्ज कोणाच्या तरी आयुष्याची किंमत देऊन तयार झालेला आहे. सहभागी माणूस आजारी असेल, अचानक श्रीमंत किंवा अचानक प्रसिद्ध झालेला असेल, तर 'संमती दिली' एवढं पुरत नाही. ॲलिसने सगळ्याला हो म्हटलं होतं.

आपल्याकडचा धागा

वेडेपणा आणि संपत्ती यांचं नातं आपल्याकडे ब्रिटिश कायद्यातून आलं. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये न्यायालयीन चौकशी करून माणसाला वेडा ठरवायची आणि त्याच्या इस्टेटीवर व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. म्हणजे डीड्सचा खटला आपल्याकडेही चालू शकला असता. १९८७ च्या कायद्याने भाषा बदलली, पण मालमत्तेचं प्रकरण ठेवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात (लागू २९ मे २०१८) ते प्रकरण नाही.

त्या कायद्याचं कलम ३ जरूर वाचा. माणसाची आर्थिक, सामाजिक, राजकीय स्थिती बघून मानसिक आजार ठरवायचा नाही. समाजाच्या चालीरीती, नैतिक मूल्यं, श्रद्धा यांच्याशी त्याचं वागणं जुळत नाही म्हणूनही ठरवायचा नाही. आणि नुसतं निदान झालं म्हणून माणूस कायद्याने 'अस्थिरबुद्धी' ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. डीड्सचा आलेख आणि ईटनचं गाणं, दोन्हीला दिलेलं उत्तर एका कलमात आहे.

आजाराचं नाव बदललं, औषधं आली, कायदे बदलले. पण तिन्ही सिनेमांत एक गोष्ट तशीच राहिली. माणसाकडे पैसा नव्हता तोवर त्याच्या विचित्रपणाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पैसा आला आणि सगळ्यांना एकदम त्याच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. २०१४ मध्ये तर काळजीही उरली नाही, तिकिटं उरली. ॲलिस शेवटी रुग्णालयातून बाहेर येते, मैत्रिणीची माफी मागते आणि स्वतःच्याच कार्यक्रमात तिला पैसे देऊन टाकते. डीड्सला पैसे वाटले म्हणून कोर्टात नेलं होतं. ॲलिसला कोणी नेत नाही.

तुमच्यासाठी काम : तुमच्या विषयातलं असं एक वाक्य निवडा, जे सगळे म्हणतात आणि ज्याचा मूळ पेपर तुम्ही अजून उघडलेला नाही. तो शोधा, नमुना किती होता बघा, तुलना कोणाशी केली बघा, आणि मोजणाऱ्याचा त्यात काय फायदा होता तेही बघा. मुलाखतीत "तुमचा विषय का निवडला?" या प्रश्नाला याहून चांगली तयारी मला तरी माहीत नाही.

भेटू पुढच्या लेखात.